अकरा दिवसांचं बाळ पाजताना झोपतं, खाली ठेवलं की उठतं. दूध कमी पडतंय का?

तीन_शिफ्ट_बाबा

नमस्कार. मुलगी, आज अकरावा दिवस. ३९ आठवडे भरलेले, सिझर. बायको माहेरी, नाशिकला. फक्त अंगावरचं दूध चालू आहे.

वजन: जन्माच्या वेळी २,९०० ग्रॅम, चौथ्या दिवशी घरी सोडताना २,६४०, आज त्याच दवाखान्याच्या काट्यावर २,७३०. डॉक्टरांनी तपासलं. कावीळ उतरतीला आहे, बाकी काही नाही, 'पाजत राहा, तीन दिवसांनी वजनाला आणा' म्हणाले.

कालच्या २४ तासांची नोंद: नऊ वेळा पाजलं. शू पाच, शी दोन (पिवळी, रवाळ). दर वेळी दहा-बारा मिनिटं ओढते आणि गाढ झोपते. पाळण्यात ठेवलं की वीसेक मिनिटांत उठून परत तोंड इकडेतिकडे करते. दुपारी मात्र १ ते ५.१० सलग झोपली. रात्री ११ ते ३ टक्क जागी. दोन्ही बोंडांना चिरा आहेत, आणि पाजून झालं की बोंड एका बाजूने चपटं, तिरकं झालेलं दिसतं.

घरातली मतं: सासूबाई म्हणतात अंगावर दूधच कमी आहे, वरचं सुरू करा. शेजारच्या काकूंनी गुटी उगाळून द्यायला आणि मोहरीच्या उशीवर निजवायला सांगितलंय. माझी आई फोनवर म्हणते दर तीन तासांनीच पाजा, सारखं पाजल्याने सवय लागते.

प्रश्न तीन. दूध खरंच कमी आहे का? वरून द्यायचं तर काय, किती, कशाने? आणि रात्रीचं काय करायचं?

दुधावरची_साय

नोंद नीट ठेवलीत म्हणून उत्तर देता येतंय. (स्तनपान सल्लागार म्हणून काम करते.) आधी आकडे बघू.

जन्मानंतर सगळ्यांचंच वजन उतरतं. ७ टक्क्यांपर्यंत कोणी काळजी करत नाही, १० च्या पुढे गेलं तर कारण शोधायचं. तुमचं ९ टक्के उतरलं. सिझरच्या वेळी आईला बरंच सलाईन जातं, त्यातलं पाणी बाळाच्या अंगातही येतं आणि पहिल्या दिवसात शूवाटे निघून जातं, म्हणजे जन्माचा आकडाच थोडा फुगलेला असू शकतो. त्यामुळे त्या ९ टक्क्यांचं मला फारसं काही वाटत नाही. त्यानंतरच्या आठवड्याचं वाटतं. सात दिवसांत ९० ग्रॅम म्हणजे रोजचे जेमतेम १३. या वयात रोज २० ते ३० वाढायला हवेत. पाचव्या दिवसापासून शू सहा किंवा जास्त हव्यात, शी तीन-चार वेळा.

म्हणजे सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. बाळाच्या पोटात दूध कमी जातंय. पण ते अंगावर कमी आहे म्हणून, की असलेलं ओढता येत नाही म्हणून? तुमच्या प्रश्नातली चपट्या बोंडाची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाळाने फक्त बोंड तोंडात धरलं की ते जीभ आणि तोंडातली कडक टाळू यांच्यामध्ये चिरडलं जातं. चिरा त्यातून पडतात. बोंडाभोवतीच्या काळ्या भागाचा मोठा घास आत गेला, तरच बोंड मागच्या मऊ भागापर्यंत पोचतं आणि दूध नीट येतं. नुसतं बोंड चोखून थोडं दूध येतं, पान्हा ओसरला की धार बारीक होते, बाळ दमून झोपतं. भूक भागलेली नसते, म्हणून वीस मिनिटांत उठतं. पाजण्याचा आणि झोपेचा असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत, निदान दिवसापुरता तरी तो एकच आहे.

तेव्हा 'बारा मिनिटं' हा आकडा सोडून द्या आणि तिच्या हनुवटीकडे बघा. हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते, मग वर येते. तो थांबा म्हणजे घोट. पान्हा फुटल्यावर दर एक-दोन ओढींमागे एक घोट दिसायला हवा, कान दिला तर हलका 'ख' असा आवाजही येतो. हनुवटी नुसती थरथरत असेल तर ती चोखतेय, पीत नाहीये.

आता पकड. टाक्यांवर भार नको म्हणून बाळ काखेखाली घ्यायचं: ज्या बाजूला पाजायचं त्याच बाजूच्या हाताखाली, पाय आईच्या पाठीकडे, खाली दोन उशा. हात मानेच्या मुळाशी आणि खांद्यांवर, डोक्यावर नाही. डोकं मागून दाबलं की बाळ उलट मान ताठ करून मागे रेटतं. नाक बोंडाच्या समोर येऊ द्या, म्हणजे तोंड थोडं खाली राहील. बोंड वरच्या ओठावर हलकेच फिरवा आणि थांबा. इथेच सगळ्यांची घाई होते. तोंड अर्धवट उघडलं की पाजायला जातात. जांभईएवढं उघडेपर्यंत थांबा, मग झटकन बाळाला जवळ ओढा, हनुवटी आधी टेकेल अशी. आईने पुढे वाकायचं नाही, बाळाला आईकडे आणायचं.

नीट लागलं असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गालाला खळ्या पडत नाहीत, आणि काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली जवळजवळ नाहीच, असा दिसतो. चक् चक् आवाज येत असेल तर पकड सुटतेय. पहिली वीस-तीस सेकंदं ओढल्यासारखं दुखलं तर चालतं. त्यापुढे दुखत राहिलं तर सोसू नका. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये घालून हवा आत जाऊ द्या, काढा, परत लावा. एका वेळी चार वेळा लागलं तरी चालेल.

दोन चुका फार बघायला मिळतात. एक, कात्रीसारखी दोन बोटांत छाती धरणं. बोटं काळ्या भागावर येतात आणि बाळाला तोंड भरून घ्यायला जागाच उरत नाही. दुसरी, बाळाचं नाक दबू नये म्हणून बोटाने छाती दाबून धरणं. त्याने बोंड मागे खेचलं जातं. नाक दबतंय वाटलं तर बाळाचं ढुंगण आईकडे जवळ ओढा, डोकं आपोआप थोडं मागे जातं.

घोट थांबले की छाती हाताने मुठीत धरल्यासारखी हलकेच दाबा आणि दाबूनच ठेवा. धार येते, बाळ परत गिळायला लागतं. ते थांबलं की सोडा, हात थोडा फिरवून परत दाबा. याने काम होईनासं झालं की लंगोट बदला आणि दुसऱ्या बाजूला घ्या, मग हवं तर परत पहिल्या. पाजताना तीन दुपट्यांत गुंडाळू नका. नुसत्या लंगोटावर, आईच्या उघड्या अंगाला लावून, वरून एक साडी. उबेत गुंडाळलेलं बाळ झोपणारच. टाचेवर टिचक्या आणि तोंडावर पाण्याचे हबके नकोत, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवणं पुरतं.

चिरांना पाजून झाल्यावर त्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्या. साबण नको. पकड सुधारली नाही तर कुठल्याही मलमाने त्या भरत नाहीत.

वजन जन्माइतकं होईपर्यंत दिवसा किंवा रात्री तीन तासांपेक्षा जास्त अंतर नको, एका वेळच्या सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंत मोजून. दुपारची ती चार तासांची झोप मोडायची. तुमच्या आईंचे 'तीन तास' हे जास्तीत जास्त अंतर म्हणून घ्या. तीन तास झाले नाहीत म्हणून रडवत ठेवायचं, असा त्याचा अर्थ नाही. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं अगदी रोजचं आहे. सवय वगैरे या वयात लागत नाही.

वरच्या दुधाचं म्हणाल तर मी आधी ४८ तास पकड सुधारून बघेन.

रात्रपाळी_सिस्टर

सायताईंचं पकडीचं सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. रोजचे १३ ग्रॅम आणि पाच शू असताना अकराव्या दिवशी अजून ४८ तास नुसतं थांबायला मी सांगणार नाही. कमी दूध मिळालेलं बाळ सुस्त होतं, सुस्त बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं. हे चक्र आजच तोडा. त्यासाठी पावडरचा डबा आणायची गरज लगेच पडेलच असं नाही. आधी तिचंच दूध काढून द्या, आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांना आज फोन करून हे कळवा.

हाताने दूध काढणं: हात धुऊन, अंगठा वर आणि तर्जनी खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या फासळ्यांकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडा. दाबा, पिळा, सोडा, याच लयीत. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत, त्याने सालटं जातात. पहिली मिनिट-दोन मिनिटं काहीच येत नाही, तिथेच बऱ्याच जणी 'दूध नाही' म्हणून सोडून देतात. धार कमी झाली की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी थोडी पुढे सरकवा. प्रत्येक बाजू पाच मिनिटं, अशा दोन फेऱ्या. पाजून झाल्यानंतर दिवसातून सहा वेळा, त्यातली एक रात्रीची हवीच, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. पंप असेल तर पंप, पण पहिल्या दोन आठवड्यांत हाताने बऱ्याचदा तेवढंच निघतं.

किती द्यायचं? आठवडा उलटल्यावर बाळाला दिवसाला साधारण किलोमागे १५० मिली दूध लागतं. तुमचं २.७३ किलो, म्हणजे सगळं मिळून ४०० मिलीच्या आसपास. बरंचसं ती अंगावर पितेच आहे. म्हणून पाजून झाल्यावर २० मिली, दिवसातून सहा वेळा, एवढ्याने सुरू करा. डॉक्टर यात कमीजास्त करतील. पाजणं, वरचं देणं आणि दूध काढणं मिळून तासाभरात उरकायला हवं, नाहीतर बाळंतिणीला झोपच मिळत नाही. ती पाजेल, तोवर तुम्ही किंवा सासूबाई वरचं द्यायच्या तयारीत राहा.

कशाने? बाटलीने नको. घरात चांदीचं किंवा स्टीलचं बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं) असेल तर उत्तम, नाहीतर छोटी वाटी आणि गुळगुळीत कडेचा चमचा. पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा. बाळ जागं असायला हवं, मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मानेला आधार, हात दुपट्यात. बोंडलं अर्धंच भरा. चोच खालच्या ओठावर कोपऱ्याकडे टेकवा आणि इतकंच कलतं करा की दूध ओठाला लागेल. आत ओतायचं नाही! जीभ पुढे येते, चाटते, गिळते. गिळल्याचं दिसल्यावरच पुढचा घोट. २० मिलीला आठ-दहा मिनिटं जातात आणि जायला हवीत. आडव्या किंवा झोपेतल्या बाळाच्या घशात ओतलं की दूध श्वासनळीत जायची भीती. ठसका लागला तर थांबा, थोडं पुढे वाकवा, श्वास नीट होऊ द्या.

काढलेलं दूध घराच्या तापमानाला, २५ अंशांपर्यंत, चार तास. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तेवढंही धरू नका, सरळ फ्रीजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, तिथे चार दिवस टिकतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही. वाटी कोमट पाण्यात ठेवायची. बाळाने प्यायला सुरुवात केल्यावर उरलेलं टाकून द्या, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

तिचं दूध काढूनही २० मिली भरत नसेल तर डॉक्टर सांगतील ती पावडर. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो, पण आपल्या डब्यावर काय लिहिलंय तेच धरा. आधी पाणी मोजा, मग पावडर. पाणी उकळल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ७० अंशांच्या वर असतं. पावडर निर्जंतुक नसते, गरम पाणी त्यासाठीच. मग भांडं थंड पाण्यात धरून कोमट करा. 'पचायला हलकं' म्हणून पातळ करणं हा सगळ्यात वाईट प्रकार, रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात. गाईचं, म्हशीचं, पाणी घातलेलं, काहीच नको. (कुणीतरी मिल्क बँकेचं विचारेल म्हणून सांगते: मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये पहिली सुरू झाली तेव्हापासून ते दूध मुख्यतः अतिदक्षता कक्षातल्या अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं, घरच्या वरच्या दुधासाठी नाही.)

कावीळ उतरतेय हे ठीक. कोवळ्या उन्हात ठेवणं हा तिच्यावरचा उपचार नाही. दूध जास्त गेलं की शी जास्त होते आणि पिवळेपणा त्यावाटे निघतो. चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील किंवा शी पांढुरकी, मातीच्या रंगाची झाली तर लगेच दाखवा. डॉक्टरांना जीभ खालून बांधलेली आहे का तेही बघायला सांगा. पकड सुधारूनही बोंड चपटंच राहिलं तर ते एक कारण असतं.

आता ज्यासाठी सकाळची वाट बघायची नाही ते: काखेतला ताप ३८ अंश सेल्सियस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त, किंवा ३५.५ च्या खाली, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास (बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजा), छाती आत ओढली जाणं, हिरवी उलटी, झटका, हलवल्याशिवाय न हलणं, सलग दोनदा दूध न घेणं. १०८ ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीने जा. जाताना आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून, वरून पांघरून न्या.

आणि वजन एकाच काट्यावर, लंगोटसुद्धा काढून. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडे काटा असतो, पण दवाखान्याच्या आकड्याशी त्याचा हिशोब लावू नका. दोन काट्यांत ५० ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि तुमचं सगळं गणित ५० ग्रॅमचंच आहे.

दुधावरची_साय

सिस्टर, मान्य. तेरा ग्रॅमवर तुमचं बरोबर. पकड आणि वरचं, दोन्ही आजपासून.

निळी_मच्छरदाणी

रात्रीचं मी सांगतो.

नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. दिवस-रात्र कळणारं घड्याळ जन्मतः नसतं, ते साधारण सहा ते बारा आठवड्यांत बसतं. तोपर्यंत 'रात्रभर झोप' ही अपेक्षाच चूक. पण ११ ते ३ चा जागर मागे ढकलता येतो. दुपारी तीन तास झाले की उठवून पाजा. तुम्हाला वजनासाठी ते करायचंच आहे, त्याने रात्रीही बरी होते. दिवसा खोलीचे पडदे उघडे, कुकरच्या शिट्ट्या, बोलणं, सगळं चालू. बाळ झोपलंय म्हणून घर चिडीचूप करू नका. रात्री उलट: बारीक पिवळा दिवा, बोलणं नाही, मोबाइलचा उजेड नाही, आणि लंगोट बदलायचा तर दुसऱ्या बाजूला घेण्याआधी, म्हणजे शेवटचं पिणं झोपेत संपतं.

'ठेवलं की उठतं' यात भूक किती आणि ठेवण्याची पद्धत किती हे पकड सुधारल्यावर कळेल. ठेवताना आधी पाय, मग ढुंगण, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. डोकं आधी खाली गेलं की पडल्यासारखं वाटून हात फाकवतं आणि दचकून उठतं. ठेवल्यावर हात लगेच काढू नका, छातीवर मिनिटभर राहू द्या.

आणखी एक. या वयात झोपेचा निम्मा भाग चळवळी झोपेचा असतो. बाळ कण्हतं, चेहरे करतं, पाय झाडतं, डोळे अर्धवट उघडतं, चक्क एखादा रडका आवाजही काढतं. हे जागं होणं नाही. लगेच उचललंत तर खरंच जागं होईल. मनात साठपर्यंत मोजा. तोंड उघडून मान वळवायला लागलं, मूठ तोंडात घालू लागलं तर मात्र रडेपर्यंत थांबू नका.

गुंडाळायचं तर पातळ सुती दुपटं, छातीशी दोन बोटं जातील इतकं सैल, आणि कमरेखाली पाय बेडकासारखे दुमडता येतील एवढी जागा. पाय सरळ करून घट्ट बांधायची पद्धत खुब्याच्या सांध्याला वाईट. कुशीवर वळायची खटपट दिसू लागली की गुंडाळणं बंद.

निजवायचं पाठीवर, दर वेळी, दुपारीही. सपाट, कडक गादी. उशी नाही, मोहरीची तर नाहीच. डोक्याला गोल आकार यावा म्हणून देतात, पण मान पुढे दुमडते, आणि पिशवी फाटली तर मोहऱ्या नाकातोंडात. आकारासाठी जागेपणी, कुणी समोर बसलेलं असताना, दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं पोटावर ठेवा. साडीची झोळी मांडीला सोबत म्हणून, बघत बसणार असाल तेव्हा. त्यात हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, म्हणून रात्रीची झोप झोळीत नको. पाळणा सपाट तळाचा असेल तर उत्तम, त्याला लटकवलेली खेळणी आणि गोंडे काढा. मच्छरदाणी ताठ, तोंडावर लोंबणार नाही अशी.

पंखा चालतो, थेट झोत नको. एसी २५-२६ वर. गरम होतंय का ते मानेमागे बोट लावून बघा. पाय गार असणं नेहमीचंच. आंघोळीनंतरची शेगडी आणि धुरी मात्र बंद खोलीत करू नका, तो धूर आणि कोळशाचा वायू बाळाच्या फुप्फुसात जातो. पुष्कळ घरांत हे ऐकून घेत नाहीत, तरी सांगतो.

बाळ आईच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर. रात्री आडवं होऊन पाजताना डोळा लागतोच, सिझरनंतर तर नक्की. म्हणून खुर्चीत किंवा सोफ्यावर बसून पाजण्यापेक्षा पलंगावरच पाजा, जवळच्या उशा आणि जड पांघरुणं आधीच काढून. जाग आली की बाळ तिच्या जागी. गुंगीचं औषध, दारू, विडी-सिगारेट यातलं काही त्या अंथरुणावरच्या कुणालाही असेल तर हे अजिबात नाही.

बटवा_उलगडून

गुटीबद्दल. तिच्यातली हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग ही नावं ऐकायला निरुपद्रवी वाटतात, पण किती वेढे उगाळले, सहाण धुतली होती का, पाणी कुठलं, काहीच मोजलेलं नसतं. सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, तर गुटी कुठून बसवणार? २.७ किलोच्या बाळाच्या पोटात दोन चमचे पाणी म्हणजे तेवढं दूध कमी. मध वर्षभर बोटानेही चाटवू नका, त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू तान्ह्या आतड्यात रुजतात आणि अंग लुळं पडतं. काजळात शिसं असू शकतं, डोळ्यांत नको. टाळूवर तेल लावा हवं तर, पण कानात, नाकात, बेंबीत थेंब सोडायचा नाही. ग्राइप वॉटरही नको.

काकूंचा मान राखायचा असेल तर गुटीचं साहित्य घ्या, आभार माना, आणि 'डॉक्टरांनी वजन भरेपर्यंत थांबायला सांगितलंय' म्हणा.

द्यायचं एकच: ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट. बाटलीवर एका मिलीत किती ते वाचा, ४०० ची मिळते तशी ८०० चीही मिळते.

बाळंतिणीचं खाणं: दूध बनवायला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशोपा, सगळं खुशाल. पण दूध वाढवतो तो अळीव नव्हे, छाती वारंवार रिकामी होणं वाढवतं. अळिवाने निदान दोन घास जास्त पोटात जातात. डाळ, कोबी, फ्लॉवर 'वातूळ' म्हणून बंद करू नका. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. पाणी तहान लागेल तेवढं, पाजायला बसताना हाताशी तांब्या-भांडं.

तीन_शिफ्ट_बाबा

सगळ्यांचे आभार. आज चौदावा दिवस, त्याच काट्यावर २,८४०. तीन दिवसांत ११० ग्रॅम. जीभ डॉक्टरांनी बघितली, ठीक आहे. काल दहा वेळा पाजलं, वरून तिचंच दूध २० मिली सहा वेळा, पावडर लागली नाही. शू सात, शी चार. उजव्या बाजूला बोंड आता गोल राहतं, डाव्या बाजूला अजून थोडं तिरकं. रात्रीचा जागर १२ ते १.३० वर आलाय.

नवीन तीन गोष्टी. वरचं कधी बंद करायचं? पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दह्यासारखी गुळणी टाकते. आणि संध्याकाळी सहा ते दहा सारखी पिते, सोडते, रडते, परत पिते. सासूबाई परत म्हणतात, दूध आटलं.

दुधावरची_साय

रोजचे ३६-३७ ग्रॅम, फारच छान. पण जन्माच्या वजनाला अजून ६० ग्रॅम कमी आहेत, तोवर काही बदलू नका. २,९०० ओलांडलं की सहातलं एक वरचं कमी करा, आधी सकाळचं, कारण पहाटे-सकाळी दूध भरपूर असतं. दोन-तीन दिवस थांबा, वजन करा, रोजचे २५ च्या वर असतील तर पुढचं. सगळ्यात शेवटी संध्याकाळचं. वरचं जसं कमी कराल तसं काढणंही कमी करा, पण एकदम बंद नको, दाटून गाठी होतात. गाठ आलीच तर पाजण्याआधी मिनिटभर कोमट फडकं, पाजल्यावर गार. रगडून मोडायला जाऊ नका. गाठीवर लाली आणि आईला ताप आला तर डॉक्टर, पण त्या बाजूचं पाजणं चालूच.

डावी बाजू: उजव्या बाजूला जसं धरता तसंच बाळ, न वळवता, सरकवत डावीकडे न्या. म्हणजे डाव्या बाजूला ती मांडीवर आडवी येईल. बऱ्याच बाळांना एका कुशीचीच सवय लागते, त्यांना हे लगेच जमतं. टाक्यांवर उशी ठेवा.

गुळणी दह्यासारखी, पांढरी, बाळ मजेत आणि वजन वाढतंय, तर कपडे धुणं वाढेल एवढंच. ढेकर बाजू बदलताना एकदा आणि शेवटी एकदा, खांद्यावर उभं धरून, पाठीवर थोपटत तीन-चार मिनिटं. नाही निघाला तर नाही निघाला, रात्री त्यासाठी जागवत बसू नका. जोराची, लांब उडणारी उलटी दर वेळी व्हायला लागली तर दाखवा. हिरवी असेल तर सिस्टरांनी वर लिहिलंय.

संध्याकाळचं दूध आटल्याचं लक्षण नाही. सात शू आणि चार शी होत असताना ते आटत नसतं. संध्याकाळी धार बारीक असते आणि बाळं त्या वेळी थोडं थोडं सारखं पितात. हे रडणं सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं, मग उतरतं, तीन-चार महिन्यांत थांबतं. तेव्हा ठरवूनच टाका: पाचला बाळंतिणीचं जेवण, सहाच्या आत शू-पाणी उरकून तिने पलंगावर टेकून बसायचं, उशा, पाण्याचा तांब्या आणि फोनचा चार्जर हाताशी. मध्ये ती दमली की सासूबाईंनी किंवा तुम्ही खांद्यावर घेऊन अर्धा तास फिरवा. कुणालाच सहन होईनासं झालं तर पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटं दाराबाहेर उभे राहा. रागात गदागदा हलवणं हे सोडून बाकी काहीही चालेल.